खरेदीखत झालं, पण सातबारा अजून जुन्याच नावावर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका गृहस्थांनी आठ महिन्यांपूर्वी गावाकडे एक एकर जिरायत जमीन घेतली. विकणारे वृद्ध शेतकरी आहेत, त्यांच्या तीन एकरांच्या गटातला हा एक एकर. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदवलं, पैसे चेकने दिले, ताबाही मिळाला. सातबाऱ्यावर मात्र अजून त्या शेतकऱ्यांचंच नाव आहे. मध्यस्थ म्हणतो, ‘नोंद लावायला वेगळे पैसे लागतील.’ मामा म्हणतात, ‘सातबाऱ्यावर नाव नाही तोवर तू मालकच नाहीस.’ आता विकणारे आजारी असल्याचं कळल्यापासून प्रश्नकर्त्यांना झोप लागत नाही. त्यांचं स्वतःचं नाव वडिलोपार्जित शेतीच्या सातबाऱ्यावर आहे, म्हणजे ते शेतकरी आहेत. त्यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत: मी मालक आहे का, आणि नाव लावून घ्यायला नक्की काय करू?

मी बावीस वर्षं महसुली दावे आणि अपिलं चालवतो. हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा आला आहे की त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं.

आधी मामांच्या वाक्याबद्दल. मालकी सातबाऱ्याने मिळत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. तो दस्त तुमच्याकडे आहे. इतकंच नाही, नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ४७ प्रमाणे नोंदवलेला दस्त सह्या झाल्या त्या दिवसापासून लागू होतो. तेव्हा आठ महिन्यांपूर्वीच त्या एका एकराची मालकी तुमच्याकडे आली. फेरफाराने, म्हणजे महसुली दप्तरातल्या नावाच्या बदलाने, मालकी निर्माण होत नाही आणि नाहीशीही होत नाही, तो महसुली कामासाठी असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या सावर्णी विरुद्ध इंदर कौर या निकालात सांगितलं आणि २०२१ मध्ये जितेंद्र सिंग विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात पुन्हा बजावलं.

पण मामांची भीती अगदीच अनाठायी नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १५७ सांगतं की अधिकार अभिलेखातली (सातबारा त्यातच येतो) आणि प्रमाणित झालेली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी धरायची. आज ते गृहीतक तुमच्या नाही, विक्रेत्याच्या बाजूने आहे. बँक सातबारा बघते. भूसंपादनाची नोटीस सातबाऱ्यावरच्या नावाने निघते. पीक विमा, अनुदान, अतिवृष्टीची भरपाई, सगळं त्याच नावामागे जातं. त्यांनी, किंवा त्यांच्या नावाने दुसऱ्या कोणी, त्याच सातबाऱ्यावर पीककर्ज काढलं तर तुमच्या एकरावर बोजा चढतो. तीच जमीन पुन्हा तिसऱ्याला विकली गेली, तर आधीचा दस्त तुमचा असल्यामुळे कायदा तुमच्या बाजूचा आहे, पण ते सिद्ध करायला दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागेल आणि त्यात किती वर्षं जातील ते सांगता येत नाही. म्हणून मालक तुम्ही आहात याची खात्री बाळगा, आणि तरीही नोंदीसाठी आता एक आठवडाही थांबू नका.

नोंद कशी होते ते समजून घेतलं की कुठे अडलं आहे ते तुमचं तुम्हालाच सापडेल. कायद्यानं नोंदणीकृत दस्ताने जमीन घेणाऱ्याला एक सवलत दिली आहे. एरवी वारसाने, वाटणीने किंवा इतर मार्गाने हक्क मिळाला तर तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावं लागतं. दस्त नोंदवलेला असेल तर ही वर्दी देण्याचं बंधन नाही (कलम १४९), कारण दस्ताची माहिती महसूल खात्याला कळवायची जबाबदारी नोंदणी अधिकाऱ्यावर आहे (कलम १५४). पूर्वी ही माहिती कागदाने जायची आणि महिनोन्महिने कुठेतरी पडून राहायची. आता दुय्यम निबंधकाच्या संगणकातून ती ई-फेरफार प्रणालीत जाते. तिथे तलाठी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, नोंद धरतो. (२०२४ पासून तलाठ्याचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण गावात अजून सगळे तलाठीच म्हणतात, मीही तेच लिहितो.) मग कलम १५०(२) प्रमाणे चावडीवर नोटीस लागते आणि ज्यांचा संबंध आहे त्या सर्वांना लेखी कळवलं जातं. हरकतीला पंधरा दिवस. हरकत आली नाही तर तलाठ्याच्या वरचे मंडळ अधिकारी कागद तपासून नोंद प्रमाणित करतात. त्यानंतर सातबाऱ्यावर कब्जेदार सदरी, म्हणजे जमीन धारण करणाऱ्याच्या रकान्यात, तुमचं नाव येतं आणि गाव नमुना ८अ मध्ये तुमचं खातं उघडतं.

यातला एक शब्दभेद नीट लक्षात ठेवा. ‘नोंद धरली’ आणि ‘नोंद मंजूर झाली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तलाठ्याने नोंद धरली की गावात सांगितलं जातं, ‘झालं तुमचं काम.’ खरेदीदार पेढे वाटतो आणि शहरात परततो. प्रमाणित होण्याआधीच हरकत येते किंवा एखादा कागद कमी पडतो, आणि त्याला त्याचा पत्ताच नसतो.

म्हणून तुमच्या बाबतीत पहिला शोध हा घ्यायचा: नोंद धरलीच गेली नाही, धरली पण प्रलंबित आहे, की धरून रद्द झाली? तिन्हीचे उपाय वेगळे आहेत, आणि यातला तिसरा प्रकार घातक आहे.

महाभूमीच्या संकेतस्थळावरून आजचा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढा. त्याला १५ रुपये लागतात आणि तो अधिकृत कामाला चालतो. बहुतेक लोक फक्त वरचं नाव वाचतात, तुम्ही तळाशी जा. तिथे ‘प्रलंबित फेरफार’ आणि ‘शेवटचा फेरफार क्रमांक’ असे शब्द दिसतील. प्रलंबित फेरफारापुढे क्रमांक असेल तर नोंद धरली आहे आणि अडकली आहे. ‘नाही’ असेल तर एकतर ती धरलीच नाही किंवा निकाली निघाली. मग ‘आपली चावडी’ या डिजिटल सूचना फलकावर गावाचे फेरफार पाहा, आणि तरीही उलगडा झाला नाही तर तलाठ्याकडे लेखी अर्ज देऊन दस्त क्रमांक आणि तारखेसकट विचारा: या दस्तावरून फेरफार धरला आहे का, त्याचा क्रमांक काय, सद्यस्थिती काय. अर्जाची पोच घ्या. तोंडी चौकशीवर माझा विश्वास नाही. समोरचा खोटं बोलतो म्हणून नव्हे. एका तलाठ्याकडे तीन-चार गावं असतात आणि त्याला तुमचा गट तोंडपाठ नसतो.

नोंद धरलीच नसेल तर कारण बहुधा किरकोळ निघतं. दस्ताची संगणकीय माहिती भरताना गट क्रमांक चुकला, किंवा गावाचं नाव दुसरंच निवडलं गेलं, आणि माहिती चुकीच्या ठिकाणी गेली किंवा गेलीच नाही. उपाय सरळ आहे. इंडेक्स २ (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा), दस्ताची प्रत आणि आजचा सातबारा जोडून तलाठ्याकडे अर्ज करा. मात्र दस्तातच गट क्रमांक, क्षेत्र किंवा नाव चुकलं असेल तर तलाठी ते दुरुस्त करू शकत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे चूक दुरुस्ती लेख नोंदवावा लागतो, आणि त्यावर विक्रेत्याची सही लागते. विक्रेते आजारी आहेत असं तुम्ही लिहिलंत म्हणून हे ठळकपणे सांगतो: दस्त आजच्या आज स्वतः वाचून काढा. चूक सापडली तर ती त्यांच्या हयातीत दुरुस्त करून घ्या. नंतर सगळ्या वारसांच्या सह्या गोळा कराव्या लागतील, आणि एक सही अडली की सगळंच अडतं.

क्षेत्राकडे विशेष लक्ष द्या. खेड्यात सौदा एकरात आणि गुंठ्यात होतो, सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. एक एकर म्हणजे ४० गुंठे, पण ४० आर नव्हे. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर आणि एक आर म्हणजे नेमके १०० चौरस मीटर, त्यामुळे एक एकर हा ४०.४७ आर होतो. दस्तात ‘एक एकर म्हणजे ०.४० हेक्टर’ असं लिहून टाकलं असेल तर सातबाऱ्यावर चाळीस आरच येतील आणि जवळजवळ अर्धा गुंठा कागदावरून गेला. पुष्कळांना ते चालतं. तुम्हाला चालतं की नाही हे तुम्ही ठरवायचं, पण निदान माहीत असू द्या.

आता दुसरा प्रकार, नोंद धरली पण प्रलंबित. माझ्या अनुभवात इथे सर्वात जास्त वेळ नोटीस बजावण्यात जातो. विक्रेत्याला, सहहिस्सेदारांना नोटीस पोचायला हवी. कोणी मुंबईला, कोणी सुरतेला, कोणाचा पत्ताच जुना. नोटीस बजावली गेल्याचा कागद फाइलला लागत नाही तोवर मंडळ अधिकारी हात लावत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. हे काम तुम्ही स्वतः हलकं करू शकता. विक्रेत्यांना, ते येऊ शकत असतील तर, तलाठी कार्यालयात सोबत न्या आणि नोटिशीवर त्यांची सही घ्या. ते घराबाहेर पडू शकत नसतील तर तलाठ्याला किंवा कोतवालाला घरी जाऊन नोटीस देण्याची लेखी विनंती करा. खरेदीखताच्या दिवशी पेन हातात असतानाच ही सही घेतली असती तर कदाचित हे आठ महिने गेलेच नसते. पुढच्या खरेदीला आठवण ठेवा.

नोंद प्रलंबित राहण्याचं दुसरं कारण म्हणजे हरकत. बहीण म्हणते, ‘माझा हिस्सा आहे.’ चुलतभाऊ म्हणतो, ‘वाटणी झालेलीच नाही.’ शेजारी म्हणतो, ‘बांध माझा.’ पंधरा दिवसांत लेखी हरकत आली की नोंद तक्रारी होते, विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि सुनावणी लागते. इथे खरेदीदार घाबरून हरकतदाराशी पैशांची तडजोड करून बसतात. तसं करण्याआधी एक समजून घ्या. फेरफार मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला मालकी हक्काचा वाद मिटवण्याचा अधिकार नाही. दस्त नोंदलेला आहे का, देणाऱ्याचं नाव कब्जेदार सदरी होतं का, कुठला कायदा आडवा येतो का, एवढंच त्याने पाहायचं असतं. दस्त बेकायदा आहे, त्यात फसवणूक आहे, असं ज्याचं म्हणणं आहे त्याने दिवाणी न्यायालयात जायचं. नुसता दावा दाखल असणंही पुरेसं नाही, नोंद थांबवायची तर न्यायालयाचा मनाई हुकूम दाखवावा लागतो. सुनावणीला हजर राहा, लेखी म्हणणं द्या, आणि हे मुद्दे त्यात स्पष्ट लिहा.

पण हरकत मुलीची किंवा बहिणीची असेल तर ती फेटाळून मोकळे होऊ नका. नोंदीपुरती ती टिकणार नाही, पण पुढे न्यायालयात टिकू शकते. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि २०२० च्या विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालाने त्याबद्दलची शंका दूर केली. तुमच्या विक्रेत्यांकडे ही जमीन वडिलांकडून आली असेल आणि दस्तावर मुलींच्या संमतीच्या सह्या नसतील, तर नोंद मंजूर झाल्यावरही मुलींचं नोंदणीकृत संमतीपत्र किंवा हक्कसोड पत्र मिळतं का ते पाहा. त्यासाठी त्यांच्या घरी जा, बसा, बोला. मुलींना विचारात न घेता झालेले व्यवहार मी दोन्ही बाजूंनी चालवले आहेत. त्या बायका फार क्वचित जमिनीसाठी भांडत होत्या. आपल्याला कोणी विचारलंच नाही, याचं त्यांना दुःख होतं.

तिसरा प्रकार, नोंद धरून रद्द झाली. हा घातक अशासाठी की अपिलाची मुदत चालू झालेली असते. मंडळ अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध अपील उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांताकडे, आणि मुदत साठ दिवसांची (महसूल संहितेचं कलम २४७ आणि २५०). तुम्हाला निर्णय कळलाच नव्हता असं असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत द्यावा लागतो (कलम २५१) आणि उशिरा कसं कळलं ते शपथेवर सांगावं लागतं. म्हणून नोंद रद्द झाल्याचं समजताक्षणी त्या फेरफाराची नक्कल अर्ज देऊन काढा. तिच्यावर मंडळ अधिकाऱ्याचा शेरा असतो, कारण दोन ओळींत लिहिलेलं असतं. त्या दोन ओळींवर पुढचं सगळं ठरतं.

कारण साधं कागदाचं असेल, ‘खरेदीदाराचा शेतकरी असल्याचा पुरावा नाही’ यासारखं, तर तो कागद जोडून नव्याने नोंद धरून घेता येते का हे आधी तलाठ्याला विचारा. कुळकायद्याच्या (महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८) कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मराठवाड्यात हैदराबादचा १९५० चा कुळकायदा आणि विदर्भात १९५८ चा कायदा लागू आहे, त्यांतही असंच बंधन आहे. तुमचं नाव वडिलोपार्जित सातबाऱ्यावर आहे, म्हणजे तुम्ही सुरक्षित आहात. तो सातबारा आणि ८अ चा उतारा फाइलला लावा, एवढंच. हा लेख वाचणाऱ्यांपैकी कोणी शेतकरी नसताना खोटा दाखला जोडून जमीन घेतली असेल, तर त्याने नोंदीसाठी धावण्याआधी वकिलाला भेटावं. कलम ८४क खाली असा व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते.

शेरा जर ‘भोगवटादार वर्ग २’ असेल तर प्रकरण गंभीर आहे. वर्ग २ म्हणजे हस्तांतरणावर सरकारचं बंधन असलेली जमीन: वतनाची, कुळकायद्याने मिळालेली, पुनर्वसनात किंवा भूमिहीन म्हणून दिलेली. अशी जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकली तर शर्तभंग होतो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीने घेतली असेल तर संहितेचं कलम ३६ आणि ३६अ आडवं येतं, आणि तिथे पळवाट शोधू नका, तो कायदा आदिवासींची जमीन त्यांच्याकडे राहावी म्हणूनच केलेला आहे. सातबाऱ्यावर भूधारणा पद्धती वरच लिहिलेली असते. तुमची वर्ग १ आहे का ते आता लगेच बघा.

तुकडेबंदीचीही शंका तुमच्या मनात येईल. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याप्रमाणे प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकड्याचा व्यवहार करता येत नाही. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत हे क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केलं. तुम्ही घेतले चाळीस गुंठे, विक्रेत्यांकडे उरले ऐंशी, दोन्ही बाजू मर्यादेच्या वर आहेत. हा मुद्दा तुम्हाला लागू नाही, पुढे जाऊ.

मध्यस्थाला पैसे देऊ नका. नोंदणीकृत दस्तावरून नोंद धरणं आणि प्रमाणित करणं हे महसूल खात्याचं कायद्यानं ठरलेलं काम आहे, ते कोणी उपकार म्हणून करत नाही. नकलांची किरकोळ फी सोडली तर मागणी कशाची आहे हे तुम्हालाही कळतं. कोणी सरकारी माणसाने थेट मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे. पण माझ्या मते तिथवर जाण्याआधी दुसरा मार्ग वापरा: पोच घेतलेला लेखी अर्ज, पंधरा दिवसांनी तहसीलदारांना त्याची आठवण करून देणारं पत्र, आणि सोबत पहिल्या अर्जाच्या पोचेची प्रत. तारखा लिहिलेला कागद तहसीलदारांच्या टेबलावर गेला की नोंद का थांबली हे कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

आता तुमच्या झोपेचा खरा प्रश्न, विक्रेत्यांचं आजारपण. माझ्याकडचं एक प्रकरण सांगतो. एका शिक्षकाने जमीन घेतली, दस्त नोंदवला आणि नोंदीकडे चार वर्षं फिरकला नाही. दरम्यान विक्रेते वारले. मुलांनी रीतसर वारस नोंद केली, कारण सातबाऱ्यावर वडिलांचं नाव होतं, आणि ती मंजूरही झाली. मग शिक्षक आपला दस्त घेऊन चावडीवर गेला तेव्हा तलाठ्याने सांगितलं, ‘दस्त ज्यांनी लिहून दिला त्यांचं नाव आता सातबाऱ्यावर नाही.’ मुलं वाईट नव्हती, त्यांना व्यवहाराची माहिती होती. एका सुनेच्या मनात मात्र भाव वाढल्याचं आलं आणि सगळं बिनसलं. विक्रेत्याने स्वतःच्या हयातीत विकलेली जमीन त्याच्या वारसांकडे जाऊ शकत नाही, कायदा याबाबत स्वच्छ आहे. तरी वारस नोंदीविरुद्ध अपील, विलंब माफी, सुनावण्या असं करत शिक्षकाची पावणेतीन वर्षं गेली. त्या काळात त्याला त्या जमिनीवर विहिरीसाठी कर्ज मिळालं नाही.

तुम्ही आठ महिन्यांत जागे झालात, चार वर्षांनी नव्हे. विक्रेते आज हयात आहेत, तेव्हा त्यांच्या सहीने होणारी सगळी कामं आधी उरका: नोटिशीवरची सही, दस्तात चूक असेल तर दुरुस्ती लेख, आणि पोटहिस्सा मोजणीची संमती. त्यांच्याकडे जाताना मध्यस्थाला नेऊ नका. आजारी माणसाच्या घरी जाताय, कागदाआधी तब्येतीची चौकशी करा. त्यांच्या मुलांनाही सोबत बसवा, म्हणजे उद्या ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं कोणी म्हणणार नाही.

मोजणीचं का म्हटलं ते सांगतो. नोंद मंजूर झाली तरी तुमचा सातबारा लगेच वेगळा होणार नाही. त्या तीन एकरांच्या गटावर विक्रेत्यांचं नाव दोन एकरांपुढे आणि तुमचं एका एकरापुढे असं येईल. कागदावर क्षेत्र आहे, पण कुठला एकर तुमचा हे नकाशावर नाही, दस्तात लिहिलेल्या चतुःसीमेत, म्हणजे चारी बाजूंच्या हद्दींत, आहे. त्यासाठी भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात पोटहिस्सा मोजणीचा अर्ज करायचा. मोजणीदार येतो, खुणा कायम करतो, दोघांच्या सह्या होतात, पुढे आकारफोड, म्हणजे क्षेत्राची आणि शेतसाऱ्याची विभागणी, होऊन स्वतंत्र सातबारा निघतो. विक्रेत्यांनी मोजणीच्या दिवशी बांधावर उभं राहून ‘इथपर्यंत यांचं’ म्हटलं तर पुढच्या पिढीतलं भांडण तिथेच मिटतं.

नोंद प्रमाणित झाली की पुन्हा सातबारा काढा आणि तीन ठिकाणं वाचा: तुमच्या नावाचं स्पेलिंग आधारकार्डाप्रमाणे आहे का, क्षेत्र दस्ताप्रमाणे आहे का, आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यात काय आहे. लिहिताना झालेली चूक असेल तर तहसीलदार महसूल संहितेच्या कलम १५५ खाली ती दुरुस्त करतात. इतर अधिकारात विक्रेत्यांच्या सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा उरलेला असेल तर तो आपोआप जात नाही. कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला घेऊन बोजा कमी करण्याचा वेगळा फेरफार करावा लागतो, त्याचा अर्ज ई-हक्क प्रणालीतून घरबसल्याही करता येतो. कर्ज फिटलेलंच नसेल तर तो बोजा जमिनीबरोबर तुमच्याकडे आला आहे असं समजा आणि विक्रेत्यांशी आत्ताच बोला.

हे सगळं शेतजमिनीचं झालं. कोणी गावठाणातलं घर किंवा शहरातला प्लॉट घेतला असेल आणि तिथे सिटी सर्व्हे झालेला असेल तर सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक म्हणजे प्रॉपर्टी कार्ड लागतं, आणि फेरफाराचा अर्ज नगर भूमापन कार्यालयात द्यावा लागतो. घरपट्टीवरचं नाव बदलणं हे त्याहून वेगळं काम, ते ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत. घरपट्टीवर नाव लागलं म्हणून प्रॉपर्टी कार्डाकडे दुर्लक्ष केलेली माणसं मला दर महिन्याला भेटतात. फ्लॅटवाल्यांचा रस्ता निराळा, त्यांना सोसायटीचं भागपत्र आणि करआकारणीची नोंद लागते, तिथे तलाठ्याचा संबंध येत नाही.

तुमच्यापुरतं आता असं करा. आज रात्री सातबारा काढून तळाच्या दोन ओळी आणि भूधारणा पद्धती वाचा, आणि दस्तातलं नाव, गट क्रमांक, क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून पाहा. उद्या तलाठ्याकडे लेखी अर्ज आणि पोच. या रविवारी विक्रेत्यांच्या घरी. फेरफाराच्या नकलेवर रद्दचा शेरा निघाला तर तिची तारीख आणि शेऱ्याच्या दोन ओळी मला कळवा, साठ दिवसांतले किती उरले आहेत ते पाहून अपिलाचं पुढे सांगतो.